डोंगराचा निधी आणि गावकुसाबाहेरचा माणूस

नायगावच्या बी.डी.डी. चाळीत आमचा अभ्यासवर्ग भरतो. मागच्या पावसाळ्यात मी तिथे सह्याद्रीच्या संवर्धनासाठी येणाऱ्या पैशावर बोलायचे ठरवले. विषय सांगताच एका तरुणाने सरळ विचारले, "ताई, शिष्यवृत्ती थकलीय, खाजगीकरणात आरक्षण संपत चाललंय, इथे घराचा प्रश्न डोक्यावर आहे. त्यात हे बेडूक आणि फुलपाखरं कुठे बसवायची?"

प्रश्न रास्त होता. पर्यावरण म्हटले की आपल्या डोळ्यासमोर दुर्बीण लावून पक्षी बघणारी पांढरपेशी मंडळी येतात आणि हा आपला विषय नाही, असे आपण ठरवून टाकतो. पण डोंगर वाचवण्यासाठी पैसा येतो तेव्हा तो एकटा येत नाही. त्याच्यामागे जमिनीचा ताबा येतो, रोजगार येतो, समित्या येतात आणि गावात कोणाचा शब्द चालणार हेही ठरते. या पैशाचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. डोंगरासाठी राबणाऱ्यांत आपण आहोत, दरड कोसळली की मरणाऱ्यांत आहोत, पण निधीचा निर्णय घेणाऱ्यांत नाही. हा योगायोग आहे का? मला तसे वाटत नाही.

जुन्नरचा करंज

सुरुवात आपल्याच वारशापासून करू. जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा एक शिलालेख आहे. आडुथुम नावाचा एक शक उपासक, म्हणजे बाहेरच्या मुलखातून आलेल्या जमातीचा माणूस, कोणाचिक नावाच्या श्रेणीशी जोडलेला होता. वडालिका येथील २० निवर्तने जमीन करंजाची झाडे लावण्यासाठी आणि कटपुटक येथील ९ निवर्तने जमीन वडाची झाडे लावण्यासाठी, अशी त्याच्या दानाची नोंद तिथे कोरलेली आहे. निवर्तन हे त्या काळचे जमिनीचे माप. श्रेणी म्हणजे कारागीर-व्यापाऱ्यांचा संघ. ठेव सांभाळायची आणि तिच्या उत्पन्नातून ठरलेले काम करायचे, ही जबाबदारी असे संघ घेत.

जुन्नरच्याच दुसऱ्या एका लेखात ठेवी कोणाकडे ठेवल्या याची नोंद आहे. त्यात बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी आहे आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांची श्रेणी आहे. म्हणजे वेताबांबूचे काम करणारा माणूस त्या समाजात पतपेढी चालवण्याइतका विश्वासाचा होता. आज त्याच कामावर जगणारा बुरूड समाज महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे. डोंगरातला बांबू तोडायला त्याला परवाना लागतो आणि बँकेत कर्ज मागायला गेला तर जामीनदार लागतो. दोन हजार वर्षांत काय बदलले, हे यापेक्षा वेगळे सांगायला नको.

आडुथुमाला 'जैवविविधता' ठाऊक होती असा दावा मी करत नाही. राजे आणि सावकार यांच्या दानावर उभी असलेली ती अर्थव्यवस्था समतेची होती असेही नाही. पण सह्याद्रीत झाडे लावण्यासाठी राखून ठेवलेल्या निधीची नोंद धम्माच्या लेण्यात सापडते. डोंगर राखणे ही अलीकडे परदेशातून आलेली कल्पना आहे किंवा ती फक्त देवळाच्या परंपरेत होती, असे कोणी सांगू लागला तर त्याला जुन्नरला घेऊन जा.

जंगल खाते आणि जोतिराव

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. इंग्रजांनी १८६५ साली आणि मग जास्त कडक असा १८७८ साली जंगल कायदा केला. डोंगर राखीव झाले. आगबोटी, रेल्वेचे स्लीपर आणि सरकारी महसूल यांसाठी लाकूड हवे होते. त्या काळी जंगल खाते डोंगरावर खर्च करायचे ते डोंगरातून कमावण्यासाठी.

या खात्यावर महाराष्ट्रात सर्वांत आधी आसूड ओढणाऱ्यांत जोतिराव फुले होते. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये त्यांनी दाखवून दिले की डोंगर, दऱ्या, गायराने सगळे जंगलात घालून या खात्याने गरीब शेतकऱ्याच्या शेळ्यामेंढ्यांना चरायला जागा ठेवली नाही. आज जिला पर्यावरणीय न्यायाची चर्चा म्हणतात तिची मराठीतली सुरुवात इथे आहे आणि ती सत्यशोधक आहे. आपल्या पोरांना मात्र ही चर्चा दिल्लीच्या इंग्रजी पुस्तकातून शिकावी लागते.

जोतिरावांच्या शेतकऱ्याकडे निदान गुरे होती. गावकुसाबाहेरच्या महाराकडे काय होते? वतन. गावाची शीव कुठून कुठे जाते हे त्याला पाठ होते. शिवेचा तंटा उभा राहिला की त्याची साक्ष काढली जाई. डोंगरातल्या वाटा, पाणवठे, कोणत्या खोऱ्यात काय उगवते हे तो जाणत होता. त्या ज्ञानाचा मोबदला म्हणून त्याच्या वाट्याला वेठ आली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, कारण वतन ही मिळकत नसून गुलामी आहे हे त्यांनी ओळखले होते. ही वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले. तोवर मंडणगड, दापोली, खेड, महाड, पोलादपूर या डोंगरपट्ट्यातून आपली माणसे गिरण्यांत, गोदीत आणि नायगाव-वरळीच्या चाळींत येऊन पोचली होती. आमचे आजोबा त्यांतलेच.

मागे राहिलेल्यांकडे जमीन नव्हती. म्हणून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्या भूमिहीनाला द्या, ही मागणी होती. लोक हजारोंनी तुरुंगात गेले. ज्या जमिनीवर आज 'अधिवास पुनर्स्थापना' होणार आहे ती बहुतेक वेळा हीच जमीन असते: डोंगरउतार, माळ, गायरान. सरकारी कागदावर तिचे नाव 'पडीक'. तिथे शेळी चारणाऱ्या बाईला विचारा, ती पडीक आहे का.

आपल्या पगारातून गेलेला पैसा

स्वातंत्र्यानंतर डोंगरासाठी म्हणून पहिला मोठा सरकारी पैसा आला तो पश्चिम घाट विकास कार्यक्रमातून. पाचव्या पंचवार्षिक योजनेत, १९७४-७५ साली, केंद्राने तो सुरू केला. पुढे तो १७१ तालुक्यांत पोचला, त्यातले ६३ महाराष्ट्राचे. वनीकरण, मृदसंधारण, फलोत्पादन, पूल-साकव अशी कामे त्यातून झाली. यातला फलोत्पादनाचा पैसा ज्याच्या नावावर सातबारा त्याच्या बांधावर गेला, कारण फळबाग लावायला आधी जमीन लागते.

त्याच काळात अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात प्रत्येक खात्याने निधी राखून ठेवावा, ही विशेष घटक योजना आली. पण इथे एक गोष्ट विसरू नका. १९५६ ला धम्म स्वीकारलेल्या आपल्या माणसांना केंद्राच्या यादीत अनुसूचित जाती म्हणून मान्यता मिळाली ती १९९० साली. म्हणजे घाटात केंद्राचा पैसा उतरायला लागला तेव्हा पहिली पंधरा-सोळा वर्षे बौद्धवाडी त्या पैशाच्या हिशेबात नव्हतीच.

दुसरा प्रवाह रोजगार हमीचा. १९७२ च्या दुष्काळानंतर ही योजना वाढली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. डोंगरउतारावरचे चर, नालाबांध, पाझर तलाव, रोपवनाचे खड्डे यांवर कुदळ मारणारे हात मोठ्या संख्येने भूमिहीनांचे होते आणि त्यात बाया भरपूर होत्या. या योजनेला पैसा कुठून आला? १९७५ च्या कायद्याने लागू झालेल्या व्यवसाय करातून आणि त्यात राज्याने घातलेल्या तेवढ्याच रकमेतून. गिरणीतला, गोदीतला, महापालिकेतला कामगार घरी पगाराची चिठ्ठी आणायचा, तीत ही कपात असायची.

हे नीट समजून घ्या. नायगावच्या चाळीतल्या कामगाराने कर भरला आणि त्या पैशातून गावाकडे राहिलेल्या त्याच्या बहिणीने डोंगरावर चर खणले. पैसाही आपला, घामही आपला. पाणी मुरले ते मात्र चराखालच्या शेतात, आणि ते शेत दुसऱ्याचे. डोंगराच्या निधीत शहरी बहुजनांचा वाटा जुना आहे. आपण हिशेब मागितला नाही, एवढेच.

जगाचा पैसा येतो

१९८८ साली नॉर्मन मायर्स या इंग्रज शास्त्रज्ञाने एक विचार मांडला. जगात काही थोड्या प्रदेशांत दुर्मीळ प्रजातींची गर्दी आहे आणि तिथेच अधिवास वेगाने नष्ट होतोय. मग पैसा कमी असेल तर आधी तिथे खर्च करा. पुढे अशा प्रदेशांच्या यादीत पश्चिम घाट आणि श्रीलंका हा प्रदेश आला. २००० साली जागतिक बँक, जागतिक पर्यावरण सुविधा, कॉन्झर्व्हेशन इंटरनॅशनल आदींनी मिळून क्रिटिकल इकोसिस्टिम पार्टनरशिप फंड उभा केला. युरोपीय संघ, फ्रान्सची विकास संस्था आणि जपान सरकार यांचाही पैसा त्यात आहे. २००८ ते २०१५ या काळात या निधीने पश्चिम घाटात साठ लाख डॉलरच्या घरात रक्कम दिली. इथला समन्वय बंगळुरूच्या 'अत्री' या संशोधन संस्थेकडे होता. २०१२ साली युनेस्कोने घाटातील ३९ स्थळे जागतिक वारसा ठरवली. महाराष्ट्रातली चार म्हणजे कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

या निधीचा आवडता शब्द 'सहभाग'. सरकार, संस्था, शास्त्रज्ञ आणि 'स्थानिक समुदाय' यांनी मिळून काम करायचे. कल्पना म्हणून मी तिच्या विरोधात नाही. एकट्या वनखात्याच्या काठीपेक्षा ती शंभर पट बरी. पण 'समुदाय' म्हणजे कोण?

आमच्या आजोळच्या गावचा अनुभव सांगते. गाव पोलादपूरकडचे. तिथे एक देवराई आहे. काही वर्षांपूर्वी तिच्या संवर्धनासाठी एक संस्था आली. माणसे चांगली होती, हेतूही चांगला होता. त्यांनी 'गावाची' बैठक बोलावली. ती भरली देवळाच्या सभामंडपात आणि निरोप गेला मानकऱ्यांना. बौद्धवाडीत कोणाला पत्ताच नाही. मामाने नंतर विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "तुम्ही देव मानत नाही, मग देवराईत तुमचं काय?"

या एका वाक्यात सगळा पेच आहे. धर्मांतराआधी आमच्या माणसांना त्या राईत मान नव्हता, फक्त कामे होती. धर्मांतरानंतर कामे सोडली म्हणून हक्कही सोडला असे धरले गेले. पण त्या राईतल्या झऱ्याचे पाणी बौद्धवाडीच्या विहिरीत उतरते. देव कोणाचाही असो, पाणी सर्वांचे आहे. महाडला १९२७ साली हेच सांगायला बाबासाहेब गेले होते.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याला घटक मानण्याची कल्पना फेटाळली, कारण खेड्याच्या पोटात जात काय करते हे त्यांना माहीत होते. आजच्या संवर्धन प्रकल्पांच्या अहवालातला 'स्थानिक समुदाय' हा त्याच गोड खेड्याचा नवा अवतार आहे. जात न विचारता वाटलेला पैसा जातीच्या उतरंडीनेच वाहतो. त्यातच काही योजनांत खाजगी जंगल न तोडण्याबद्दल मालकाला मोबदला देतात. मालक जंगल राखतो म्हणून पैसे घेतो. त्या जंगलातून मोळी आणणारी भूमिहीन बाई मोळी सोडते आणि तिला काहीच मिळत नाही. मग संवर्धनाची किंमत खरी कोणी मोजली?

उलटे उदाहरणही आहे, तेही सांगितले पाहिजे. भीमाशंकरच्या परिसरात पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशनने हिरडा-बेहडा गोळा करणाऱ्या महादेव कोळी आदिवासींबरोबर काम केले. बेहड्याच्या जुन्या, उंच झाडांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटी करतात. झाड तोडून लाकूड विकण्यापेक्षा ते उभे ठेवून फळ विकणे फायद्याचे ठरावे म्हणून फेअरवाइल्ड प्रमाणपत्र मिळवले आणि माल परदेशी कंपनीला जास्त भावाने दिला. इथे पैसा मालकीवर न जाता वेचणाऱ्याच्या हाताला गेला. म्हणजे वाटपाची रीत बदलता येते; ती निसर्गाने ठरवून दिलेली नाही.

कॅम्पाचे कोटी

परदेशी निधीपेक्षा कितीतरी मोठा पैसा आपल्याच तिजोरीत आहे. खाण, धरण, रस्ता यांसाठी वनजमीन घेणाऱ्याने भरपाई भरायची असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या आदेशाने ती वेगळ्या निधीत जमू लागली, २०१६ साली प्रतिपूरक वनीकरण निधी कायदा झाला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने २७ राज्यांना ४७,४३६ कोटी रुपये दिले. महाराष्ट्राचा वाटा ३,८४४ कोटी होता. डोंगराच्या मोबदल्यात जमलेला हा पैसा खर्च करताना ग्रामसभेशी किंवा वन समितीशी सल्लामसलत करावी, असे २०१८ चे नियम म्हणतात. संमती नाही, सल्लामसलत. शिवाय पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांचा कर-वाटा ठरवताना वन आणि पर्यावरणाला १० टक्के वजन दिले आहे. जंगल आहे म्हणून मुंबईच्या मंत्रालयात पैसा येतो. जंगलाशेजारच्या वाडीला त्याची खबर नसते.

आणि झाडे कुठे लावणार? २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयात गायरानावरच्या अतिक्रमणांचा प्रश्न आला आणि राज्यभर भूमिहीनांना नोटिसा गेल्या. त्यानंतरच्याच वर्षी केंद्राने ग्रीन क्रेडिट कार्यक्रम आणला. कंपनीने ओसाड वनजमिनीवर, पडीक जमिनीवर झाडे लावावीत आणि प्रत्येक झाडामागे एक क्रेडिट मिळवावे. दादासाहेबांनी ज्या जमिनीसाठी तुरुंग भरले तिच्यावर आता कंपनीच्या नावाचे झाड उभे राहू शकते. झाडाला आपला विरोध नाही. माणूस उठवून लावलेल्या झाडाला आहे.

ओझे कोणाच्या खांद्यावर?

एक नाजूक प्रश्न. गेल्या शतकाच्या अखेरीस देशातली गिधाडे जवळजवळ संपली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जात होते. २००६ साली भारताने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. रायगडच्या म्हसळा तालुक्यात चिरगावला गिधाडे वाचवण्याचे चांगले काम झाले आहे. त्यासाठी त्यांना मेलेली गुरे पुरवावी लागतात. मग मेलेले ढोर कोण ओढणार? १९२७ च्या महाड परिषदेत मेलेले ढोर ओढायचे नाही, खायचे नाही, हे आपल्या माणसांनी ठरवले. गिधाड वाचलेच पाहिजे, पण त्यासाठी जुने ओझे जुन्याच खांद्यावर येणार असेल तर ते संवर्धन आपल्याला नको. हे काम यंत्राने, पगाराने, हातमोजे आणि विम्यासकट, कोणत्याही जातीच्या माणसाने करावे. संवर्धनाच्या अंदाजपत्रकात ही रक्कम लिहिलेली असली पाहिजे.

मग करायचे काय?

एक, जैवविविधता व्यवस्थापन समिती. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने ती प्रत्येक स्थानिक संस्थेत असायला हवी. २००४ च्या नियमांनुसार तिच्या नेमलेल्या सदस्यांत किमान एक तृतीयांश महिला आणि १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे लोक असणे बंधनकारक होते. राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घातल्यावर राज्यात या समित्या आणि त्यांच्या नोंदवह्या घाईघाईने कागदावर तयार झाल्या. आपापल्या गावच्या ग्रामपंचायतीत माहितीच्या अधिकारात अर्ज टाका: समितीत कोण आहे? आपल्यातला जो सदस्य दाखवलाय त्याला स्वतःला ते ठाऊक आहे का? नोंदवहीत शिंदीच्या केरसुण्या बांधणाऱ्या, घायपाताचा दोर वळणाऱ्या मातंगाचे, बांबू ओळखणाऱ्या बुरुडाचे ज्ञान लिहिले आहे का? नसेल तर लिहायला लावा, त्यांच्या नावासकट.

दोन, वनहक्क. २००६ च्या कायद्यात आदिवासी नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, दाखवावी लागतात. १९३० सालचा कागद आपल्या आजोबांच्या नावे कुठून निघणार? पण नियम १३ प्रमाणे गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा आहे. आणि सामूहिक वनहक्क मिळाला तर तो पूर्ण ग्रामसभेचा असतो, त्यात बौद्धवाडी आपोआप येते. इथे आदिवासींच्या हक्काला धक्का न लावता, त्यांच्याबरोबर उभे राहून दावा केला पाहिजे.

तीन, निधीत वाटा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जाती ११.८ टक्के आहेत. डोंगराच्या प्रत्येक निधीत, सरकारी असो की परदेशी, भूमिहीनांसाठी राखीव हिस्सा हवा आणि तो मालकीवर नको, कामावर आणि सोडलेल्या हक्काच्या भरपाईवर मोजला जावा.

त्या तरुणाला मी शेवटी एवढेच म्हटले: आपल्या चाळीच्या नळाला येणारे पाणी तानसा, वैतरणा, भातसा यांच्या खोऱ्यांतून येते. ती खोरी सह्याद्रीची. २०१४ ला माळीण, २०२१ ला तळिये, २०२३ ला इर्शाळवाडी गाडली गेली तेव्हा मेली ती डोंगराच्या कुशीत राहणारी गरीब माणसे. बेडूक आणि फुलपाखरे कुठे बसवायची, असे तू विचारलेस. जिथे तुझ्या आजीची वाडी आहे, तिथेच ती बसलेली आहेत.

पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा माहितीच्या अधिकाराचा तो अर्ज घेऊन जा. उत्तर आले की अभ्यासवर्गात आणा, पुढची पायरी आपण मिळून ठरवू.

जयभीम!